पन्नास वर्षांची पाहुणी

आमचं गाव वसलं ते माझ्या पणजोबांच्या गाडीचा आस मोडला म्हणून. मीठ, खिळे आणि कापडाचे तागे भरून ते डोंगर ओलांडायला निघाले होते, आणि चार वाटा जिथे एकत्र येतात नेमकी तिथेच गाडी बसली. जवळपास लोहार नव्हता. आस दुरुस्त होईपर्यंत त्यांनी गाडीवरूनच माल विकला, आणि आस दुरुस्त झाला तेव्हा पुढे न्यायला मालच उरला नव्हता. मग ते तिथेच राहिले. आमच्या घरात याला धंद्याची दूरदृष्टी म्हणतात. बाकीचं गाव आळस म्हणतं. काही का असेना, केंटकीच्या या डोंगराळ कोपऱ्यात नकाशावर केटनर्स क्रॉसिंग नावाचा जो ठिपका आहे, तो त्या मोडक्या आसाचा, आणि त्या ठिपक्यावर जे दुकान आहे ते माझं. मी बर्ल केटनर.

चौकातून निघणाऱ्या चार रस्त्यांपैकी एक खाणीकडे जातो. खाण बंद पडली, रस्ता अजून जातो. दुसरा जिल्ह्याच्या गावाला, जिथे कोर्ट आहे, दवाखाना आहे आणि आमच्यासाठी काय बरं याचा आमच्याशिवाय विचार करणारी माणसं आहेत. तिसरा डोंगराची धार चढून पलीकडच्या जिल्ह्यात उतरतो. आणि चौथा ओढ्याच्या कडेकडेनं गिलमच्या घळीत शिरतो आणि तिथेच संपतो. चौकात दोन चर्च समोरासमोर आहेत, दोन्ही बॅप्टिस्ट पंथाची. पूर्वी एकच होतं. कुणीतरी पियानो दान दिला आणि मंडळी फुटली. आता पियानोवाले इकडे, बिनपियानोवाले तिकडे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की बिनपियानोवाले समोरच्यांच्या पियानोच्या तालावर गातात, फक्त कबूल करत नाहीत.

कोण इथलं आणि कोण नाही, याचा आमचा नियम सोपा आहे. ज्याचे आजी-आजोबा बिनपियानोच्या चर्चमागच्या टेकडीवर पुरलेले, तो इथला. गिलम मंडळी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ओहायोला निघून गेली, परत कुणी फिरकलं नाही, पण ती इथली. त्यांच्या नावाच्या घळीत, अगदी शेवटच्या घरात, अर्मिंटा स्लोन, म्हणजे आमची मिंटी, पन्नास वर्षं राहत होती. ती पलीकडची.

पलीकडची म्हणजे फार लांबची नव्हे. डोंगराच्या धारेपलीकडे तिच्या बापाचं शेत होतं, आणि वारा पडलेला असला तर त्याच्या कोंबड्याची बांग इकडे ऐकू यायची असं म्हणतात. हॉलिस स्लोन तिथे खेचर विकायला गेला होता. खेचर काही खपलं नाही, पण त्याच्या तिथल्या फेऱ्या वाढल्या, आणि युद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी तो मिंटीला घेऊन आला. उंच, हडकुळी, लाल हातांची पोर. पहिल्याच दिवशी ती सासरच्या स्वयंपाकघरात शिरून बाह्या सरसावायला लागली, तेव्हा थोरल्या जावेनं, म्हणजे डोव्हीनं, तिला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसवलं आणि हातात ताकाचा पेला दिला. तुम्ही बसा, म्हणाली.

त्या खुर्चीतून मिंटीला पुढे कुणी उठूच दिलं नाही.

गैरसमज नको. तिचा कुणी छळ केला नाही. उलट, आमच्याकडे पाहुण्याचा मान फार मोठा. पाहुण्याला काम सांगितलं तर घराण्याचं नाक कापलं जातं. ताट आधी पाहुण्याचं, कोंबडीचा चांगला तुकडा त्याचा, आणि त्यानं केलेल्या कुठल्याही गोष्टीला नाव ठेवायचं नाही. मिंटी वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करायची. तो सगळ्यांनी पन्नास वर्षं वाखाणला. आता, आमच्या बायका एकमेकींच्या केकला कधी चांगलं म्हणत नाहीत. माझ्या बायकोचा केक तिच्या सख्ख्या बहिणीनं एकदा दाराला टेकू म्हणून ठेवला होता. पण मिंटीच्या केकला मात्र सुंदरच. तिचा मुलगा डेल्बर्ट ओहायोत मोटारींच्या कारखान्यात लागला, वर्षातून एकदा येतो. त्याचे आजोबा टेकडीवर, म्हणून तो इथला. तो गाडीतून उतरतो न उतरतो तोच डोव्हीकाकू त्याला लाकडं फोडायला पाठवते, केस वाढलेत म्हणून चार माणसांत झापते. मिंटी शेजारी उभी राहून ते बघायची. मला वाटायचं, पोराला बोलणी बसतात म्हणून तिला वाईट वाटत असेल. तसं नव्हतं. तिला त्याचा हेवा वाटायचा.

हे सगळं फार उघडं पडायचं ते मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या सगळ्या कबरी साफ करतो, फुलं वाहतो, आणि मग चर्चमागच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून सगळ्या गावाचं जेवण होतं. बाहेरगावी गेलेले सगळे येतात. टेबलांचं राज्य डोव्हीकडे. ती कागदी ताटं चालू देत नाही. मेलेली माणसं बघत असताना कागदात जेवायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. त्यामुळे पंपाशी भांड्यांचा डोंगर होतो आणि गावातली प्रत्येक बाई तिथे कोपरापर्यंत फेसात बुडालेली असते. तिथेच वर्षभराच्या बातम्या फुटतात, लग्नं ठरतात, एखादीचं नाव कायमचं खराब होतं. मिंटी तेवढी टेबलाशी बसलेली, समोर पहिलं वाढलेलं ताट. हॉलिस गेला त्या वर्षीसुद्धा. त्याची माती अजून ओली होती आणि तिला वाटलं, आज तरी मला हात लावू देतील. तर डोव्हीनं तिच्यासाठी उशी आणली.

शहाण्णव साली एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या कचेरीतून मिस प्रेटर नावाची एक तरुण बाई आली. स्वभावानं गोड, बूट मात्र शहरी. अॅम्ब्युलन्सवाल्यांना आमच्याकडची घरं सापडत नाहीत, म्हणून आता प्रत्येक रस्त्याला नाव आणि प्रत्येक घराला नंबर द्यायचा होता. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनीच नाव ठरवायचं, फक्त एक नाव जिल्ह्यात दोनदा नको. ऐकायला सोपं वाटलं. पण खाणीच्या रस्त्यावरच्या दोन भावांनी एकमेकांची नावं सुचवली, कारण त्या रस्त्याला खड्डे फार. पियानोवाल्यांनी सुचवलेल्या प्रत्येक नावाला बिनपियानोवाल्यांनी हरकत घेतली. मिस प्रेटर माझ्या दुकानात बसून खारे दाणे खायची आणि डोळे मिटून घ्यायची.

गिलमच्या घळीचं प्रकरण शनिवारी माझ्या दुकानात निघालं. घळीत स्लोन मंडळीच राहतात. खाली हॉलिसचा थोरला भाऊ एस्टिल आणि त्याची बायको डोव्ही, त्यांच्या आजूबाजूला त्यांची दोन मुलं, आणि टोकाला मिंटी. मिस प्रेटरनं सांगितलं की गिलम हे नाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आधीच दिलं गेलंय. एस्टिल म्हणाला, मग स्लोन द्या. तर स्लोन नावाचे तीन रस्ते अगोदरच झाले होते. एस्टिलनं बापाचं नाव सुचवलं, डोव्हीनं स्वतःच्या बापाचं, आणि पुढचा तासभर दोन्ही बापांची उणीदुणी निघाली. शेवटी मिस प्रेटर कोपऱ्यात उभ्या असलेल्या मिंटीकडे वळली. त्या रस्त्यावर सगळ्यांत लांब राहणाऱ्या तुम्हीच, तुम्हाला काय वाटतं, असं तिनं विचारलं.

मिंटीनं तोंड उघडलं होतं. मी बघितलं. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

"त्यांना कशाला त्रास?" डोव्ही म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. "मिंटीबाई, तुम्ही बसा हो. हे आमचं घरचं भांडण आहे."

मिंटीनं तोंड मिटलं.

सगळे गेल्यावर ती मागे राहिली. पीठ घ्यायचं होतं म्हणाली, पण पिठाकडे बघत नव्हती. काउंटरवरचा तराजू उगाच बोटानं खालीवर करत होती.

"बर्ल, तुझी आई कधी भांडली माझ्याशी?"

"छे. ती तर तुझं फार कौतुक करायची."

"तेच. आणि तुझ्या बायकोला मरेपर्यंत धारेवर धरलं तिनं." तिनं तराजू सोडला. "माझं वय झालं. हॉलिसशेजारची जागा माझ्यासाठी ठेवलीय, मी तिथेच जाणार. पण तिथेसुद्धा पाहुणी म्हणून पडून राहायचं, हे माझ्या जिवावर येतं बघ. मरायच्या आत एकदा तरी कुणी म्हणावं, मिंटी, तुझं चुकलं, ऊठ, कामाला लाग. बाकी मला काही नको."

मी पिठाचं पोतं तिच्या गाडीत ठेवायला उचललं, तर ती म्हणाली, राहू दे, मी नेते. मी ऐकलं नाही. पोतं गाडीत ठेवून वळलो आणि तिचा चेहरा बघितला, तेव्हा लक्षात आलं की आत्ता आपणही तेच केलं.

सोमवारी रात्रभराच्या पावसानंतर आकाश उघडलं होतं. मिस प्रेटर सकाळीच दुकानात आली. नाव ठरो न ठरो, तिला घळीत जाऊन रस्ता मोजायचा होता. मिंटी रॉकेल घ्यायला आली होती, तेव्हा तिनं मिंटीलाच वाट विचारली. मिंटीला कोण आनंद झाला. रॉकेलचा डबा खाली ठेवून ती दारापर्यंत गेली आणि हात लांब करून नीट सांगायला लागली. इथून निघालात की गिरणी लागेल, ती मागे टाका. मग शाळा. मोठ्या चेस्टनटपाशी रस्ता दोन होतो, तिथे ओढ्याची बाजू धरा. आणि पुलावरून पलीकडे गेलात की आलीच घळ.

मी काउंटरमागे उभा होतो. एकेक शब्द ऐकला आणि मानही डोलावली. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही.

आता नीट सांगतो. गिरणी मी शाळेत जात होतो तेव्हा जळाली. शाळा पाडली त्याला पंचवीस वर्षं झाली असतील, तिची दारं माझ्या गोठ्याला आहेत. चेस्टनटची झाडं या डोंगरातून रोगानं गेली, तेव्हा मी रांगत होतो. पण आम्ही वाट अशीच सांगतो. जे समोर आहे ते कशाला सांगायचं, ते दिसतंच की. आणि पूल? तो युद्धाआधीच्या मोठ्या पुरात वाहून गेला. तेव्हापासून गाड्या तिथून जरा वरच्या अंगाला, सपाट खडकांवरच्या उतारातून पलीकडे जातात. तरी त्या जागेला आम्ही पूलच म्हणतो. पुलाशी भेट, पुलाशी थांब, पुलाशी टपालाचा डबा.

मिस प्रेटरला पहिल्या तीन खुणांपैकी एकही सापडली नाही, पण चेस्टनटपाशी फुटणारा दुसरा रस्ताही आता उरलेला नसल्यानं तिला चुकायला वाव नव्हता. ओढ्याशी आल्यावर जुनी गाडीवाट सरळ पाण्यात उतरताना दिसली. आमच्याकडे बुटके पूल बरेच असतात, पावसात पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि लोक बिनधास्त गाड्या काढतात. तिला वाटलं, हाही तसाच असेल. खाली पूल आहे या भरवशावर तिनं जिल्ह्याची कोरी गाडी तांबड्या पाण्यात घातली.

एस्टिल ट्रॅक्टर घेऊन माझ्याकडे जाड साखळी मागायला आला, तेव्हा आम्हाला कळलं. मिंटी पांढरीफटक पडली. मी तिला माझ्या गाडीत घेतलं आणि आम्ही त्याच्या मागोमाग गेलो.

जिल्ह्याची गाडी नाक पाण्यात खुपसून तिरकी उभी होती, दिव्यांपर्यंत बुडालेली. मिस प्रेटर टपावर बसली होती. बूट तिच्या मांडीवर, नकाशांची गुंडाळी डोक्यावर. जीव धोक्यात नव्हता, पाणी तिच्या कमरेपेक्षा जास्त नसेल, पण गार होतं आणि तिची उतरायची तयारी नव्हती. डोव्ही काठावर गोधडी घेऊन उभी होती. एस्टिलनं मांड्यांपर्यंत पाण्यात जाऊन पोरीला पाठुंगळीला घेतलं आणि काठावर आणलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी फार खुशीत दिसत होता.

गोधडीत गुंडाळून डोव्हीनं पहिला प्रश्न विचारला, इकडून यायला कुणी सांगितलं. मिस प्रेटर बिचारी सभ्य. तिनं आधी सगळं स्वतःवर घेतलं. मग थंडीनं दात वाजत असताना म्हणाली, की त्या आजी म्हणाल्या पूल आहे.

डोव्ही वळली. तिच्या तोंडाचा पट्टा साऱ्या गावानं खाल्लेला आहे, पण मिंटीनं तो कधी दुसऱ्यावर चालतानाच बघितला होता.

"मिंटे, डोकं फिरलंय का तुझं? कुठला पूल?"

"आपला पूल," मिंटी म्हणाली.

"आपला पूल मोठ्या पुरात गेला. तेव्हा तू पलीकडे बापाच्या कोंबड्या हाकत होतीस. जन्मात कधी बघितलायस तो?"

"नसेल बघितला. पण पन्नास वर्षं तूच सांगतेयस ना, पुलाशी या, पुलाशी घेवडा ठेवलाय तो घेऊन जा. मी काय हवेत उभी राहत होते?"

"अगं, आपल्या माणसाला सांगणं वेगळं आणि परक्याला सांगणं वेगळं. एवढी अक्कल नको का? पोर बुडाली असती म्हणजे?"

मी काठावर उभा राहून ऐकत होतो. डोव्हीच्या लक्षात आलं नव्हतं आपण काय बोललो ते. मिंटीच्या आलं होतं. ती तिथेच थबकली, लाल हात ॲप्रनमध्ये गुंडाळून. मला वाटलं, आता ही रडणार. पण पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं भांडण असं एका वाक्यात संपणार होतं थोडंच.

"आणि पूल काय मोठा राजवाडा होता?" डोव्हीचं चालूच होतं. "दोन ओंडके आणि वर फळ्या. डाव्या अंगाला एक कठडा, बस."

"उजव्या अंगाला."

"काय म्हणालीस?"

"कठडा उजव्या अंगाला होता."

"न बघितलेल्या पुलाचा कठडा तू मला सांगतेस? मी त्या पुलावरून शाळेत गेले, मिंटे."

"गेली असशील. कठडा उजवीकडेच होता."

दोघी एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मागे जिल्ह्याची गाडी बुडबुडत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात पाण्यात साखळी अडकवत असलेला एस्टिल मान वर न करता बोलला.

"मिंटीचं बरोबर आहे. उजवीकडेच होता. हॉलिस त्याच्यावर बसून मासे धरायचा, आणि मी त्याला ढकलून द्यायचो."

मिंटीनं मान हलवली. "तो रोज सांगायचा मला. शेवटच्या आजारातसुद्धा."

हॉलिस जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्या क्षणी तो तिथे कठड्यावर पाय हलवत बसलेला आम्हा चौघांनाही दिसला असणार. डोव्हीनं नाक ओढलं, गोधडी उगाच सारखी केली.

"घळीतून बाहेर येताना उजवीकडे," ती म्हणाली. एवढी माघार ती आयुष्यात दुसऱ्यांदा घेत असावी. पहिली वेळ मला आठवत नाही.

गाडी निघाली, पण सुरू होईना. मग सगळे डोव्हीच्या स्वयंपाकघरात. नकाशे बाहेर दोरीवर एस्टिलच्या विजारींशेजारी चिमटे लावून वाळत घातले. मिस प्रेटर डोव्हीच्या झग्यात चुलीजवळ बसली आणि घेवड्याचं कालवण, मक्याची भाकर आणि कच्चा कांदा असं जेवली. दोनदा मागून घेतलं. पोटात ऊब गेल्यावर तिला तिचं काम आठवलं. निदान रस्त्याचं नाव तरी सांगा, म्हणाली, नाहीतर साहेबांना मी गाडीबद्दल काय सांगू?

एस्टिलनं पुन्हा बापाचं नाव काढलं. डोव्हीनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं भाकरीत डोकं घातलं.

"लिही बाई," डोव्ही म्हणाली. "मिंटीचा पूल. मिंटीच्या पुलाचा रस्ता. म्हणजे इथून पुढे जो कोणी पाण्यात पडेल, त्याला कळेल तरी कुणाच्या नावानं बोंब मारायची."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मिंटी हसली, तोंडावर हात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस प्रेटरनं विचारलं, पण तिथे पूल नाहीये ना? आम्हाला तिचा प्रश्नच कळला नाही. तिनं निमूट लिहून घेतलं.

पाटी महिन्याभरात लागली. हिरवी, कोरी, जुन्या गाडीवाटेच्या तोंडाशी. मिंटी दुसऱ्या दिवशी दुकानात आली तेव्हा तिला चिडवायला सगळा चौक टपलेला होता. तिनं सगळ्यांची चिडवाचिडवी लोण्यासारखी खाल्ली. पण लोक गेल्यावर ती पुन्हा तराजूशी येऊन उभी राहिली. डोव्ही त्या दिवसापासून पुन्हा गोड बोलतेय, असं तिनं सांगितलं. काल व्हरांड्यात खुर्ची पुढे सरकवली. ओढ्यावर चिडली होती म्हणून बोलून गेली असेल, बर्ल. पाटी काय, पाटीवर कुणाचंही नाव असतं. हे गाव तुझ्या पणजोबाच्या नावावर आहे, म्हणून तुला कोण विचारतं? मी म्हणालो, हे मात्र खरं आहे.

त्या मेच्या शेवटच्या रविवारी ऊन छान पडलं होतं. कबरी साफ झाल्या, टेकडीभर कागदी फुलं झाली. डेल्बर्ट ओहायोहून आला आणि लगेच बोलणी खाऊन पाण्याच्या कळशा वाहायला लागला. मिस प्रेटर नवे, जाड तळाचे बूट घालून आली होती. तिला एस्टिलनं खास आमंत्रण दिलं होतं. मिंटीनं केक आणला, टेबलावर ठेवला आणि दरवर्षी तिला बसवतात त्या जागी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघवत नव्हता. एखाद्या पोरीनं शाळेत निकालाची वाट बघावी तशी ती डोव्हीकडे बघत होती.

डोव्हीनं केकचा कोपरा मोडून तोंडात टाकला.

"सफरचंदं नीट भिजली नाहीत," ती म्हणाली. "आणि आलं कशाला एवढं?"

शेजारच्या दोघीतिघींनी लगेच तुकडे मोडून घेतले. त्यांचंही तेच मत पडलं. एकीनं तर असं सांगितलं की आलं दरवर्षीच जास्त असतं, पण बोलायचं कसं म्हणून ती आजवर गप्प राहिली.

मग डोव्हीनं पहिलं ताट वाढलं. कोंबडीची मांडी, बटाटे, तळलेला भोपळा, सगळं वरचंवरचं. ताट घेऊन ती टेबलाच्या या टोकाला आली. मिंटीचा हात सवयीनं पुढे गेला.

"हात मागे घे," डोव्ही म्हणाली. "हे पाहुणीचं आहे." आणि ताट मिंटीच्या पुढून नेऊन मिस प्रेटरच्या हातात दिलं, तिला बसवलं, तिच्या पाठीशी उशी सरकवली. मग वळून बघते तर मिंटी अजून तिथेच. "आता उभी काय राहिलीस? पंपाशी भांडी साचलीत. तुला जेवायला मिळेल सगळ्यांचं झाल्यावर."

मिंटी गेली. जवळजवळ पळतच गेली म्हणायला हरकत नाही.

जेवणं उरकेपर्यंत मी तिकडे गेलो नाही. नंतर हात धुवायला पंपाशी गेलो, तेव्हा बाकीच्या बायका कसल्याशा बातमीवर खिदळत होत्या आणि मिंटी घंगाळावर वाकलेली होती. बाह्या वर, कोपरापर्यंत फेस, केस सुटलेले. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पंपाचं नव्हतं. मी घाबरलो. डोव्ही मजेमजेत जरा जास्तच टाकून बोलली की काय, असं वाटलं. जवळ जाऊन हळूच विचारलं, काय झालं.

तिनं फेसाळ मनगटानं डोळे पुसले. इतकं सुखी माणूस मी आजवर बघितलेलं नाही.

"काही नाही रे," ती म्हणाली. "डोव्ही म्हणते, मला भांडी नीट घासता येत नाहीत."